रावतां

डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर
बदामाच्या झाडाखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली नळ्याचा तुकडा.
एकेचाळीस वर्षं लोकांचे अर्ज टंकतो आहे.
विनंतीचे माझ्याकडे इंग्रजीत तीन भाव :
तलाठ्याला रिक्वेस्ट,
कोर्टाला प्रे,
आणि बेग, जेव्हा अर्जदाराच्या पायात चप्पल नसते.

आज सर्वणहून आवडू घाडी आली.
पिशवीत बिंबलं,
बिंबलांखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नोटीस.
"वाच रे बाबा."
वाचली.
तिच्या घराला त्यात घर म्हटलेलं नाही,
स्ट्रक्चर म्हटलंय.
तेवढं मी समजू शकतो.
कापायच्या कोंबड्याला कुणी नाव ठेवत नाही.

पण तिसऱ्या परिच्छेदात भाटकाराच्या वकिलानं
एक जुना अर्ज काढलाय :
बाई स्वतःच कबूल करते की ती तिथे स्टेइंग आहे.
स्टे म्हणजे मुक्काम.
मुक्काम पाहुणा करतो.
सबब बाई मुंडकार नव्हे.

अर्ज पंच्याऐंशी सालचा.
'ए' अक्षराचं पोट शाईनं बुजलेलं.
माझ्याच रेमिंग्टनचा 'ए'. लगेच ओळखला.

तेव्हा ती म्हणाली होती, "हांव थंयच रावतां."
ऐकलं कोकणीत, समजलं मराठीत,
आणि इंग्रजीत, मागे रांग होती म्हणून,
बोटाजवळ जो शब्द होता तो दाबला.
पाच रुपये मजुरी.

आता कव्हर गेलेला शब्दकोश उघडून बसलोय.
लिव्ह घ्यावा, तर लिव्ह उंदीरही करतात.
रिझाइडला इस्त्रीचा वास येतो,
बाल्कांववाल्या घरांतली माणसं करतात ते.
ऑक्युपाय वकिलाला फार आवडेल,
त्यात घुसणं आयतंच आहे.

"काय बघतोस एवढं?"
"शब्द बघतो."
"मी सांगितला होता की तुला."

सांगितला होता खरा.
पहिल्यांदा दिवस राहिले ते त्यात होतं.
ते पोर राहिलं नाही, तेही.
नवरा गेल्यावर छप्पर शाकारायचं राहून गेलं,
मागची भिंत तरी राहिली.
धाकटा बहरीनहून येतो म्हणाला, तेव्हापासून
दर चवथीला वाट बघत राहिली, तेही त्यातच,
कारण कोकणीत राव म्हणजे थांबसुद्धा.
एवढ्या मोठ्या शब्दातून
मी एक पातळ चकती कापली
आणि सरकारला वाढली.

रिमेनवर बोट बराच वेळ होतं.
सगळे गेल्यावर जे उरतं ते.
खरं म्हणजे हाच.
पण नुसतं उरण्याला कायद्यात हक्क नाही.

शेवटी ड्वेल. मुंडकार कायद्यातला.
शेजारचा झेरॉक्सवाला आग्नेल हसला :
"हा तर आमच्या प्रार्थनेतला. आता कोण बोलतो असं?"
कोशात त्याच शब्दाखाली बारीक टायपात
आणखी एक अर्थ निघाला :
एखाद्या गोष्टीवर मन रेंगाळत ठेवणं.
तो मी आग्नेलला वाचून दाखवला नाही.

टाइप केलं : ड्वेल्स.
खाली एक वाक्य माझ्या पदरचं,
की आधीच्या अर्जातला शब्द बाईचा नव्हे,
टंकलेखकाचा. त्याखाली सही.
चालेल का, माहीत नाही. असं याआधी केलेलं नाही.
मजुरी घेतली नाही. बिंबलं घेतली.

ती कचेरीच्या पायऱ्या चढली.
मामलेदार जेवायला गेलेत.
शिपाई दारातूनच म्हणाला, "राव."
ती राहिली.

तीन वाजून गेले.
खांबामुळे इथून ती दिसत नाही.
खालच्या पायरीशी तिच्या चपला दिसतात,
देवळात जाताना काढाव्यात तशा
शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.